महानगरपालिकेत टेक्निकल बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करणे : अनुभवींकडून मार्गदर्शन हवे

सह्यपायथा

नमस्कार. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ वर्षे बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करते आहे. त्यांतील शेवटची पाच वर्षे बँकांच्या कर्जवसुली प्रणालीवर गेली. आता माझ्या माहेरच्या शहरातील ‘ड’ वर्ग महानगरपालिकेच्या संगणक विभागात टेक्निकल बिझनेस अ‍ॅनालिस्ट या पदावर कंत्राटी नेमणुकीचा प्रस्ताव आला आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि नागरी सुविधा केंद्रातील दाखले यांची जुनी प्रणाली बदलायची आहे. सॉफ्टवेअर निविदेतून निवडलेली कंपनी तयार करणार आहे. पालिकेला नेमके काय हवे ते लिहून देणे आणि झालेले काम तपासून घेणे, एवढे माझ्याकडे राहील असे सांगण्यात आले.

मला हे काम मनापासून करायचे आहे. दोन वर्षांपूर्वी घरपट्टीच्या नोंदीवर आजोबांच्या जागी बाबांचे नाव लावण्यासाठी आम्ही किती खेपा घातल्या ते मी जवळून पाहिले आहे, आणि त्यांतील निम्म्या खेपा केवळ अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे कळण्यासाठी होत्या. तरीही मनात शंका आहेत. बँकेत एखाद्या नियमाबद्दल वाद झाला की निर्णय देणारी एक व्यक्ती ठरलेली असे. पालिकेत तो निर्णय कोणाकडे मागायचा? कायद्याचा अभ्यास कितपत लागतो? आजवर माझे सगळे दस्तऐवज इंग्रजीत झाले, ते आता मराठीत लिहावे लागतील का? ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांच्या विभागात अशी व्यक्ती येऊन गेली आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कृष्णाकाठ

मी अकरा वर्षे एका महानगरपालिकेच्या संगणक विभागात आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाहेरून येणारे बहुतेक जण तिथेच अडखळतात.

पालिकेत नियम ठरवणारी एक व्यक्ती नसते. नियम महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये असतो, त्याच्या अनुसूचीतील कराधान नियमांत असतो, शासन निर्णयात असतो, महासभेच्या ठरावात असतो, आणि कधीकधी आयुक्तांनी सही केलेल्या एखाद्या जुन्या टिपणीत असतो. बैठकीत उपायुक्तांनी तोंडी ‘असे करा’ म्हटले तरी तो निर्णय होत नाही. तुमचा मुद्दा टिपणीवर यावा लागतो, ती नस्ती (फाइल) लिपिक, अधीक्षक, उपायुक्त, मुख्य लेखा व वित्त अधिकारी अशी चढत आयुक्तांपर्यंत जावी लागते आणि शेरा पडून खाली यावी लागते. म्हणून प्रत्येक आवश्यकतेसमोर, म्हणजे प्रणालीने करायच्या प्रत्येक गोष्टीसमोर, तिचा आधार लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या : कोणते कलम, कोणता ठराव, कोणत्या तारखेची टिपणी. आधाराची जागा रिकामी राहिली तर ती आवश्यकता नसून कोणाची तरी आठवण आहे, असे समजून तिची नस्ती सुरू करा.

कायदा कितपत लागतो, हे माझ्याच एका चुकीवरून सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मागणीच्या नोंदीत ‘शास्ती’ या नावाचा एकच रकाना ठेवला. कर विभागातील सगळेच तो शब्द दिवसभर वापरत होते, त्यामुळे अर्थ विचारावा असे मला वाटलेच नाही. प्रत्यक्षात तो शब्द दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मुदतीत कर भरला नाही तर थकीत रकमेवर दरमहा २ टक्के लागते ती एक शास्ती. अनधिकृत बांधकामावर कलम २६७-अ खाली दरवर्षी कराच्या दुपटीपर्यंत लागते ती दुसरी. पहिली माणसाच्या विलंबाची आहे, दुसरी बांधकामाच्या स्थितीची. पुढे थकबाकीदारांसाठी अभय योजना आली आणि विलंबाच्या शास्तीत मोठी सवलत जाहीर झाली. आमच्या प्रणालीने त्या रकान्यातील संपूर्ण रकमेवर सवलत दिली. तिसऱ्या दिवशी सायंकाळी रोजकीर्द (दिवसाच्या जमाखर्चाची वही) जुळवताना मुख्य लिपिकांना एका दुमजली घराची पावती खटकली, कारण त्यावर माफ झालेली रक्कम त्या घराच्या अनेक वर्षांच्या विलंबशास्तीपेक्षाही जास्त होती. तोवर तीन दिवसांच्या पावत्या लोकांच्या हातात गेल्या होत्या. ज्यांनी रांगेत उभे राहून, दागिने गहाण ठेवून पैसे भरले आणि ‘बाकी निरंक’ असे लिहिलेली पावती घरी नेली, त्यांना आम्ही फरकाच्या रकमेची पत्रे पाठवली. त्यांतील एक वयस्कर गृहस्थ ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आले होते आणि ती टेबलावर ठेवून काही न बोलता बसून राहिले. तो प्रसंग मी आजही विसरलेलो नाही.

ही चूक प्रोग्रामरची नव्हती, माझी होती. शिवाय हे दोन रकाने करून विषय संपला नाही. २०१७ मध्ये कलम २६७-अ मध्ये बदल झाला आणि ६०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी बांधकामांना त्या शास्तीतून वगळण्यात आले, म्हणजे शास्ती काढण्यासाठी क्षेत्रफळ आणि वापर या दोन्ही गोष्टी तारखेनिशी माहीत असणे भाग पडले. म्हणून सांगतो, कराचा कोणताही दर, सूट किंवा टक्का कोडमध्ये लिहू देऊ नका. ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशा नोंदीसह तो वेगळ्या तक्त्यात ठेवायला लावा. स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला तेव्हा ज्या पालिकांनी त्यासाठी मोठ्या खर्चाने स्वतंत्र प्रणाली उभारली होती, त्यांच्या हाती बहुतांशी फक्त जुन्या कर निर्धारणाचे काम उरले. नागरी कायद्यात असे बदल होतच राहतात.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. पुढील वर्षाच्या कराचे दर महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. दर निश्चित झाल्यापासून बिले निघेपर्यंत हातात जेमतेम सव्वा महिना उरतो, आणि नेमका तोच मार्चअखेरचा वसुलीचा काळ असतो. त्या काळात कर विभागातील कोणीही तुमच्यासाठी चाचणीला बसणार नाही आणि बसावे अशी अपेक्षाही धरू नये. चाचण्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकून घ्या.

निवृत्त_करअधीक्षक

सह्यपायथाताई, मी एकतीस वर्षे कर विभागात होतो. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. माझ्या काळात तीन वेळा प्रणाली बदलली, त्यामुळे टेबलाच्या अलीकडच्या बाजूने काय दिसते ते लिहितो.

पहिल्या दोन वेळी आलेली मुले हुशार होती. त्यांनी आम्हाला सभागृहात बोलावले, पडद्यावर आकृत्या दाखवल्या आणि ‘तुमची सध्याची कार्यपद्धती सांगा’ असे विचारले. वरिष्ठ समोर बसलेले असताना कोणता लिपिक खरी कार्यपद्धती सांगेल? आम्ही पुस्तकात आहे ती सांगितली. तिसऱ्या वेळी आलेली मुलगी मात्र आठ दिवस माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली. चौथ्या दिवशी तिने मागणी रजिस्टरातील काही मालमत्ता क्रमांकांसमोर लाल शाईने काढलेली छोटी फुली पाहिली आणि ती कशासाठी आहे असे विचारले. तोपर्यंत कोणीच विचारले नव्हते. ती फुली कलम ४०६ खाली न्यायालयात अपील चालू असलेल्या मालमत्तांची होती. त्यांच्या वसुलीबाबत कोणतीही नोटीस काढण्यापूर्वी विधी विभागाकडे विचारणा करायची, असा आमचा अलिखित शिरस्ता होता. आधीच्या दोन्ही प्रणालींत त्या फुलीला जागा नव्हती, म्हणून संगणकीकरण झाल्यावरही आम्ही रजिस्टर कपाटात ठेवून वापरत राहिलो, आणि वरिष्ठांना वाटे की कर्मचारी बदलाला विरोध करतात. मला त्या आरोपाचे फार वाईट वाटत असे. कर्मचारी कपाटातून जुनी वही काढताना दिसला तर त्याला दोष देण्याआधी ती वही उघडून पाहा.

दुसरा मुद्दा लोकसेवा हक्काचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्यास जबाबदार अधिकारी, ठरलेला असतो. पुरेशा कारणाशिवाय मुदत चुकली तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याचा अर्थ असा की तुमच्या प्रणालीतील ‘अर्ज प्राप्त दिनांक’ हा रकाना कोणाच्या तरी पगाराशी जोडलेला आहे. अर्ज अपुऱ्या कागदपत्रांसह आला आणि त्रुटी कळवली, तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? अधिकारी निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर गेला आणि कार्यभार दुसऱ्याकडे दिला, तर अर्ज कोणाच्या खाती दिसायचा? आमच्याकडे एकदा कार्यभार हस्तांतरणाची नोंदच प्रणालीत होत नव्हती, आणि प्रशिक्षणाला गेलेल्या एका बाईंच्या नावावर वीस-बावीस अर्ज प्रलंबित दिसत राहिले. त्यांना खुलासा द्यावा लागला. पदाला काम द्यावे, माणसाच्या नावाला देऊ नये, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

तुमच्या बाबांच्या नावाच्या नोंदीचा अनुभव विसरू नका. अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे अर्जदाराला घरी बसून कळले, तर खिडकीवरची बरीच गर्दी आपोआप ओसरते, आणि तेवढा वेळ आम्हाला हरकतींच्या सुनावणीसाठी मिळतो.

अक्षरजुळणी

वरील दोघांनी जुन्या माहितीच्या स्थलांतराबद्दल लिहिलेले नाही, म्हणून थोडी भर घालते. मी तीन नगरपरिषदा आणि एका महानगरपालिकेच्या कर नोंदी जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत आणण्याचे काम केले आहे.

जुनी मराठी माहिती बहुतेक ठिकाणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असते. ती पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, आणि रूपांतर करताना जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांट्या हमखास इकडच्या तिकडे होतात. रूपांतर झाल्यानंतरही सावध राहावे लागते. ‘कऱ्हाडकर’, ‘गोऱ्हे’, ‘बिऱ्हाडे’ या आडनावांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेणाऱ्या संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. खिडकीवरील लिपिकाने नाव टाइप केले, नोंद सापडली नाही, समोर रांग वाढत होती, म्हणून त्याने नवी नोंद केली, आणि एका घराला दोन बिले सुरू झाली. वर्षभराने एकावर भरणा आणि दुसऱ्यावर थकबाकीची नोटीस, असा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्यामुळे साठवण्यापूर्वी सर्व नावे एकाच रूपात आणावीत, शोध घेताना ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ दोन्ही सापडावेत, आणि नवी नोंद करण्याआधी मिळतीजुळती नावे समोर दाखवावीत, या तीन गोष्टी निविदेतील कार्यकक्षेतच लिहून घ्या. करारानंतर सांगितले तर कंपनी त्याला वाढीव काम म्हणते आणि वाढीव खर्चाच्या मंजुरीत सहा महिने जातात.

दस्तऐवजांच्या भाषेबद्दलही सांगते. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ नुसार पालिकेचे कामकाज मराठीतून होणे अपेक्षित आहे. ते बंधन म्हणून नव्हे, तर उपयोगाचे म्हणून मराठीत लिहा, कारण जो अधीक्षक तुमच्या दस्तऐवजावर सही करणार आहे त्याने तो वाचलेला असला पाहिजे. मी मूळ आवश्यकता मराठीत लिहिते आणि प्रोग्रामरसाठी तांत्रिक परिशिष्ट इंग्रजीत देते. दोन्हींत क्रमांक एकच असतो.

टेम्सवरून

मी मूळची नाशिकची, गेली सहा वर्षे इंग्लंडमधील एका काउन्सिलमध्ये (स्थानिक संस्थेत) याच पदावर आहे. इथली व्यवस्था वेगळी आहे, तरी एका गोष्टीची तुलना तुमच्या कामाला उपयोगी पडेल असे वाटते.

इथे घरांचे मूल्यांकन काउन्सिल करीत नाही, मध्यवर्ती मूल्यांकन संस्था करते. इंग्लंडमधील घरे १ एप्रिल १९९१ च्या किमतींनुसार ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ गटांत बसवलेली आहेत, आणि आम्ही केवळ आकारणी व वसुली पाहतो. म्हणजे मूल्यांकनावरचा वाद आमच्या खिडकीवर येतच नाही. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर करात २५ टक्के सवलत असते, त्यामुळे आमची बरीचशी डोकेदुखी घराच्या मोजमापाची नसून घरात कोण राहते याची असते. तुमच्याकडे मूल्यांकन, हरकत, सुनावणी आणि वसुली सगळे एका छताखाली आहे, म्हणून तुमचे काम माझ्यापेक्षा अवघड आहे असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

मला इथली सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे मालमत्तेचा कायमचा क्रमांक, ज्याला यूपीआरएन म्हणतात. तो स्थानिक संस्थेकडून दिला जातो, घराचा मालक बदलला, रस्त्याचे नाव बदलले किंवा घर पाडले तरी तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही, आणि कर, कचरा, बांधकाम परवानगी, निवडणूक असे सगळे विभाग तोच वापरतात. तुमच्या पालिकेत कराचा मालमत्ता क्रमांक, पाणीपट्टीचा ग्राहक क्रमांक आणि नगररचनेचा प्रकरण क्रमांक यांचा एकमेकांशी मेळ आहे का, हे सर्वांत आधी पाहा. क्रमांकात प्रभागाचा आकडा गुंफलेला असेल तर प्रभागरचना बदलली की काय होते, तेही विचारा.

सह्यपायथा

सर्वांचे मनापासून आभार. ‘शास्ती’चा प्रसंग आणि लाल फुली या दोन्ही गोष्टी मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. अर्ध्या र बद्दल तर मला काहीच कल्पना नव्हती. आज पालिकेत जाऊन आले. टेम्सवरून यांनी सांगितल्याप्रमाणे चौकशी केली, तर कर आणि पाणीपट्टी यांचे क्रमांक स्वतंत्र आहेत आणि कराच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे प्रभागाचेच आहेत.

दोन प्रश्न उरले आहेत. नेमणूक अकरा महिन्यांची आहे आणि एका मनुष्यबळ संस्थेमार्फत आहे; अशा स्थितीत माझ्या शब्दाला कर विभागात आणि कंपनीपुढे वजन कसे राहील? आणि पहिल्या महिन्यात एकच काम हाती घ्यायचे झाले तर कोणते घ्यावे?

कृष्णाकाठ

कंत्राटी माणसाच्या शब्दाला वजन नसते, हे खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. मीही पहिली चार वर्षे कंत्राटीच होतो. म्हणून शब्दावर विसंबू नका, कार्यवृत्तावर, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीवर, विसंबा. प्रत्येक बैठकीचे कार्यवृत्त त्याच दिवशी मराठीत लिहा, त्यावर विभागप्रमुखांची सही घ्या आणि ते जावक क्रमांकासह कंपनीला पाठवा. कंपनीचे देयक कोणत्या टप्प्यावर निघणार हे करारात पाहा आणि त्या टप्प्याच्या चाचणी अहवालावर कर अधीक्षकांची सही अनिवार्य करून घ्या. ती सही नसेल तर लेखा विभाग देयक पुढे सरकवत नाही, आणि लेखापरीक्षणात आक्षेप येईल या विचाराने सगळेच काळजीपूर्वक वागतात. तुमच्याकडे अधिकार नसला तरी प्रक्रियेकडे असतो.

नेमणुकीच्या अटींबाबत एवढेच पाहा की मुदतवाढीचा प्रस्ताव कोण आणि किती आधी ठेवणार आहे. अकरा महिने संपताना आचारसंहिता लागलेली असेल तर तो अडकू शकतो. तुमचे दस्तऐवज स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवू नका. ते विभागाच्या नस्तीत असू द्या, म्हणजे तुमच्या जागी आलेल्या व्यक्तीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

पहिल्या महिन्याचे काम विचाराल तर मी सांगेन की कर विभागातून साठ मालमत्ता निवडा. एक साधे घर, एक भाड्याने दिलेले दुकान, खातेफोड झालेली (एका खात्याची अनेक खाती झालेली) वडिलोपार्जित वाडी, ग्रामपंचायतीतून नव्याने हद्दीत आलेले घर, अपील चालू असलेला कारखाना, दोन्ही प्रकारची शास्ती लागलेली इमारत, वारसांचा वाद असलेले घर, अशा निरनिराळ्या प्रकारांच्या. प्रत्येकीचे या वर्षीचे बिल लिपिकासोबत बसून हाताने काढा : वार्षिक भाडे, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट, करयोग्य मूल्य, मग सामान्य कर, मग राज्य शासनाचे शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. रोजगार हमी कर निवासी मालमत्तेला लागत नाही, आणि हे दोन्ही कर पालिका शासनाच्या वतीने वसूल करते, त्यामुळे त्यांचे लेखाशीर्ष वेगळे ठेवावे लागते. तुमचा आकडा आणि सध्याच्या प्रणालीचा आकडा जुळला नाही तर कोणाचा बरोबर हे लगेच ठरवू नका. ते बिल बाजूला काढून त्याची टिपणी करा.

आम्ही हे केले तेव्हा साठांपैकी नऊ बिले जुळली नाहीत. त्या नऊ टिपण्यांची उत्तरे यायला चार महिने लागले. पुढे कंपनीने नवी प्रणाली तपासणीसाठी आणली तेव्हा आम्ही त्यांच्या नमुना माहितीला हातही लावला नाही, तीच साठ बिले समोर ठेवली.